पायवाल्या मावशी

पायवाल्या मावशींनी आमच्या पनवेलच्या शाळेत बावीस वर्षं शिपायाची नोकरी केली आणि या बावीस वर्षांत त्यांनी कुणाच्याही तोंडाकडे पाहिलं नाही. हे वाचून कुणाला अतिशयोक्ती वाटेल. पण अतिशयोक्ती करणं माझ्या स्वभावात नाही, असं मी स्वतः अनेकांना सांगितलेलं आहे. मावशी बघायच्या ते पायांकडे. दारात कुणी आलं की नजर आधी चपलेवर, चपलेवरून घोट्यावर, घोट्यावरून पोटरीवर जायची आणि तिथेच थांबायची. त्याच्या वर माणूस कितीही शिल्लक असला तरी मावशींचं काम झालेलं असे. एकदा शिक्षण खात्याचे एक साहेब न कळवता तपासणीला आले. आमच्या मुख्याध्यापकांनी त्यांना फी माफ करून घ्यायला आलेले पालक समजून व्हरांड्यातल्या बाकावर बसवून ठेवलं. मावशींनी साहेबांच्या बुटांवरून एक नजर फिरवली आणि आत जाऊन सांगितलं, "सर, तो पालक नाय. तीन वर्सांमागं आलेला तोच सायेब हाय. डाव्या टाचेनं झिजवतो." सर धावतच बाहेर गेले. त्या वर्षी आमच्या शाळेला उत्तम शेरा मिळाला, तो त्या टाचेमुळे.

शाळेतल्या कुठल्या बाईंना दिवस गेलेत, हे मावशींना त्या बाईंच्या नवऱ्याच्या आधी कळायचं. विज्ञानाच्या बाईंच्या बाबतीत तर ते खुद्द बाईंच्याही आधी कळलं. विज्ञानाच्या बाईंनी विज्ञानाच्या आधारे असं काही शक्यच नसल्याचं सिद्ध केलं. मावशी शांतपणे म्हणाल्या, "बरं." पुढच्या आठवड्यात विज्ञानाच्या बाई प्रयोगशाळेत बरण्यांच्या मागे बसून चिंच खाताना सापडल्या.

मावशी मूळच्या उरण रस्त्यावरच्या मिठागराच्या गावच्या. त्या गावाच्या जागी आता विमानं उतरतात. मुलाचे कळंबोलीत ट्रेलर होते, घर तीन मजली होतं, आणि आईच्या पायांना जिना नको म्हणून त्यानं घरात लिफ्ट बसवली होती. सकाळी मावशींना शाळेत सोडायला जी काळी गाडी यायची ती फाटकातून आत शिरेपर्यंत आमचे मुख्याध्यापक स्कूटर घेऊन मागे थांबायचे. हातात सोन्याच्या पिचोड्या आणि त्याच हातात घंटेचा लाकडी हातोडा. नवीन आलेले पालक पहिल्या दिवशी मावशींनाच नमस्कार करून संस्थेच्या अध्यक्षीणबाई म्हणायचे. मावशी दुरुस्ती करत नसत. एवढं सगळं असताना शिपायाची नोकरी कशाला, असं मी एकदा विचारलं. "सून म्हनते, आत्या, तुमी घरात बसून ऱ्हा," मावशी म्हणाल्या. "बसून ऱ्हायला मी काय पोटुशी हाय?"

त्यांच्या लेखी जगात माणसांचे दोनच प्रकार होते. पोटुशी बाई, जिनं बसायचं असतं. आणि बाकीचे सगळे.

मावशींच्या स्वतःच्या पायांबद्दल लिहिताना मी जरा हात आखडता घेते, कारण खरं लिहिलं तर पटणार नाही. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत निळ्या-जांभळ्या शिरा, करंगळीएवढ्या जाड, वळणं घेत, एकमेकींना मिळत उतरलेल्या. भूगोलाच्या सरांना नद्या आणि उपनद्यांच्या धड्याला नकाशा सापडला नाही की ते मावशींना वर्गात बोलावतात, असं मुलं सांगायची. मी स्वतः हे दोनदाच पाहिलं.

या नद्यांचा उगम मावशींनी मला एकदा मधल्या सुट्टीत सांगितला. चार बाळंतपणं झाली आणि चारही वेळा शेवटच्या दिवसापर्यंत त्या मिठागरात खाऱ्या पाण्यात उभ्या होत्या. फळीनं मीठ ओढायचं, टोपलीत भरायचं, डोक्यावर घेऊन राशीवर टाकायचं, पुन्हा उभं. "पयल्या पोराला एक शीर आली. दुसऱ्याला तिला भयीन आली. तिसरीला दोघींनी संसार मांडला. चवथ्याला मी मोजायचं सोडलं." मी हसले. मावशी हसल्या नाहीत. "दाईला दाखवले. ती म्हनली, पोटुशीला व्हतंच. सासू म्हनली, मना पन झाले. कोनी एकानं, बाई, कोनी एकानं सांगितलं नाय का जरा बस."

माझा नंबर लागला तो शाळा उघडल्यानंतरच्या दुसऱ्याच महिन्यात. मी स्टाफरूममध्ये निबंध तपासत होते. मावशी दारात उभ्या राहिल्या आणि माझ्या टेबलाखाली बघत म्हणाल्या, "बाई, सँडलचा पट्टा एक भोक भायेर आलाय. कितवा?"

"कितवा काय?"

"मयना."

तिसरा होता. नवऱ्याला आणि माझ्या आईला सोडून कुणाला सांगितलं नव्हतं. पण मावशींपुढे खोटं बोलायचं तर पाय घरी ठेवून यावं लागलं असतं. मी दार लोटलं आणि त्यांना आईचं सांगितलं. माझ्या वेळेस आईच्या दोन्ही पायांच्या शिरा फुगल्या त्या पुन्हा बसल्याच नाहीत. पुढे डाव्या घोट्यापाशी जखम झाली, आणि ती अकरा वर्षं भरली नाही. संध्याकाळी शेजारपाजारच्या बायका देवळात जायच्या, तेव्हा आई गॅलरीत बसून पायाची पट्टी सोडायची. माझं सगळं लहानपण त्या औषधाच्या वासात गेलं. मला बाळ हवं होतं. आईचे पाय नको होते. आणि बातमी सांगितल्यावर आई आनंदानं रडली, डोळे पुसले आणि पहिलं वाक्य बोलली ते असं: "पायांना जप गं. पण जपून तरी काय, आपल्या घराण्यातच आहे."

"घरान्यात जमीन पन आसंल," मावशी म्हणाल्या. "ती आली का तुमच्या वाट्याला?"

"नाही."

"मंग शिराच बऱ्या येतील!" त्या खाली बसल्या आणि माझा घोटा बोटानं दाबून बघितला. "सगळं टळंल असं मी नाय सांगत. जे घरान्यातून यायचं ते येल. आपन त्याला आनायला गाडी पाठवायची नाय."

त्या दिवसापासून माझे पाय मावशींच्या ताब्यात गेले. मी ते फक्त वापरत होते.

डॉक्टरीणबाईंनी मला कारण सांगितलं होतं, नाही असं नाही. चार मिनिटांत, निम्मं इंग्रजीत. अंगातलं रक्त वाढतं, शिरांच्या भिंती सैल पडतात, वाढणारी पिशवी मोठ्या शिरेवर दाब देते, मग पायातलं रक्त वर चढायला कंटाळतं. मी मान डोलावली आणि बाहेर येऊन सगळं विसरले. ते डोक्यात शिरलं मावशींनी सांगितल्यावर. "भरतीचं पानी शेतात आलं की सुकतीला, म्हंजे ओहोटीला, ते भायेर जायला पायजे. बांधाचं दार अडलं तर पानी शेतातच ऱ्हातं, आन बांध फुगतो. तुमचं बाळ त्या दाराशीच बसलंय. त्याला उठवायचं नाय. मंग आपन काय करायचं? पाय हालवायचा. पोटरी हालली की पानी वर ढकललं जातं. आन बसल्यावर पाय वर ठेवायचा, म्हंजे पानी आपलं आपन उतरतं. उभं ऱ्हायचं नाय. सगळं करा, निस्तं उभं ऱ्हाऊ नका."

आता अडचण अशी होती की आमच्या शाळेत उभं राहणं हेच काम होतं. मुख्याध्यापकांनी दोन वर्षांपूर्वी सगळ्या वर्गांतल्या शिक्षकांच्या खुर्च्या काढून कोठारात टाकल्या होत्या. 'उभा शिक्षक, जागा विद्यार्थी' असं व्हरांड्याच्या भिंतीवर फूटभर उंचीच्या अक्षरांत रंगवलं होतं. सर स्वतःही कधी बसत नसत. जेवणाचा डबासुद्धा कपाटावर ठेवून उभ्यानं खायचे. मी रीतसर अर्ज केला, डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. सरांनी अर्ज उभ्यानं वाचला. "मॅडम, मातृत्व म्हणजे शक्ती," ते म्हणाले. "बसल्यानं शक्ती जाते. शिवाय एकीला दिली की सगळ्या मागतील. बघू, विचार करू." आणि रोजचे सात तास मी उभी राहू लागले.

तेव्हा मावशींनी वेळच बदलून टाकली. शाळेची घंटा त्यांच्या हातात होती आणि त्या ती घड्याळ बघून नव्हे, माझे पाय बघून देऊ लागल्या. व्हरांड्यातून एक चक्कर मारायच्या, दारातून माझ्या घोट्यांचा अंदाज घ्यायच्या, आणि घोटे फुगलेले दिसले की टोल पडायचा. पस्तीस मिनिटांचा तास कधी सत्तावीस मिनिटांत संपे, कधी बावीस. मधली सुट्टी मात्र पोरांचे डबे खाऊन, धुऊन, वाळेपर्यंत चाले, आणि तेवढा वेळ माझे पाय स्टाफरूममध्ये सहावीच्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर असत. हे कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण मुख्याध्यापक आपलं घड्याळ मावशींच्या घंटेवर लावायचे. दिवाळीपर्यंत सरांचं घड्याळ बाकीच्या देशाच्या सव्वा तास पुढे गेलं होतं, आणि पनवेलमधला एकही माणूस वेळेवर येत नाही अशी त्यांची तक्रार सुरू झाली होती.

मधल्या वेळेत टाचांची कवायत. फळ्यावर लिहिताना टाचा वर, खाली, वर, खाली, ओळीला दहा वेळा. सहावी 'ब' नं ते पाहिलं आणि सगळा वर्ग माझ्याबरोबर करू लागला. कवितेच्या तासाला पन्नास पोरं एकदम वरखाली होत. खालच्या मजल्यावरच्या गणिताच्या सरांनी छताची तक्रार केली. त्या वर्षीच्या आंतरशालेय उंच उडीत आमची पोरं पहिली तीन आली, हे मी अभिमानानं नाही, केवळ नोंद म्हणून सांगते.

घरचा मोर्चा वेगळा होता. डॉक्टरांनी घट्ट मोजे लिहून दिले होते, मांडीपर्यंतचे. ते सकाळी पलंगावरून पाय खाली टाकायच्या आधी चढवायचे, म्हणजे रक्त पायात उतरायच्या आत. ज्यांनी हे मोजे ऑक्टोबरच्या उकाड्यात पनवेलमध्ये चढवले नाहीत त्यांनी स्वतःला सोशिक म्हणवून घेऊ नये. पहिल्या दिवशी माझ्या नवऱ्यानं दोन्ही पाय भिंतीला टेकवून मोजा ओढला. अर्ध्या तासात तो पोटरीपर्यंत आला. शेजारच्या काकूंनी दार वाजवून विचारलं, "काही भांडण झालंय का? आम्ही येऊ का?" दुसऱ्या दिवशी मावशी सकाळी साडेपाचला काळ्या गाडीतून हजर. त्यांनी मोजा टाचेपर्यंत उलटा केला, पावलात घातला, आणि भाकरी थापावी तशा तळव्यानं थोडा थोडा वर सरकवत नेला. दोन मिनिटं. "भाऊ," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "वढायचं नाय. समजवायचं."

माझ्या सासूबाईंनी तेवढ्यात मालीशवाल्या बाईंना सांगून ठेवलं होतं. गुडघ्यामागे एक निळी रेघ दिसायला लागली होती, ती जोर लावून चोळून जिरवायची असा बेत होता. बाई तेल गरम करून बसलेल्या, आणि मावशी आत आल्या. त्यांनी वाटी उचलून खिडकीत ठेवली.

"शीर हाय ती, कनीक नाय," त्या म्हणाल्या. "रगडायची नाय. रातीला डाव्या कुशीवर झोपा, पायाखाली उशी घ्या. ह्याच्या पुढं कोनी तिला हात लावायचा नाय."

सासूबाई म्हणाल्या, "अहो, आमच्या वेळी सगळ्या चोळायच्या."

"दाखवा पाय," मावशी म्हणाल्या.

सासूबाईंनी पाय साडीत ओढून घेतले. त्यानंतर मालीशवाल्या बाई पुन्हा आल्या नाहीत.

राहिले माझे सासरे. पाय वर ठेवून बसायचं म्हटलं तर हॉलमध्ये सोफा एकच, त्याच्यासमोर त्यांची आरामखुर्ची, आणि सुनेचे तळवे थेट सासऱ्यांच्या तोंडासमोर. आमच्याकडे देवाकडे आणि वडीलधाऱ्यांकडे पाय करून बसत नाहीत. मी पाय खाली घ्यायची, सासरे खाकरायचे. दोन दिवसांनी सासऱ्यांनीच मार्ग काढला. मी पाय वर घेतले की ते वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरायचे. पाच महिने त्यांनी रोज संध्याकाळी दीड तास पेपर धरला. छोट्या जाहिरातींसकट सगळं वाचून झाल्यावर त्यांनी आमच्या विभागातल्या वधू-वरांची नुसती वाचूनच तीन लग्नं जमवली.

हा तळव्यांचा प्रश्न सुटला असं मला वाटत होतं. तो शाळेत पुन्हा उभा राहिला, सातव्या महिन्यात, बक्षीस समारंभाला.

समारंभ म्हणजे अडीच तास. पटांगणात मंडप, मंचावर संस्थेचे जुने विश्वस्त प्रमुख पाहुणे म्हणून, समोर मुलं, आणि दोन्ही कडांना शिक्षक रांगेत उभे. सरांनी तोंडी सूचना दिली होती की कुणीही बसायचं नाही, पाहुण्यांचा अपमान दिसतो. मी डावीकडच्या रांगेत शेवटी, मंचाच्या अगदी जवळ. दहा मिनिटांत माझ्या पायांत शिसं भरल्यासारखं झालं. मी टाचा वरखाली करत होते, रडू आवरत होते, आणि मला माझी आई दिसत होती, गॅलरीत बसलेली, पट्टी सोडणारी.

तेव्हा कोठाराकडून मावशी आल्या. एका हातात खुर्ची, दुसऱ्या हातात बालवर्गाचं बाकडं. दोन्ही माझ्यासमोर मांडलं. "बसा. पाय वर."

"मावशी, पाहुणे समोर आहेत."

"दिसतात मना त्यांचे बूट. बसा."

मी बसले आणि पाय बाकड्यावर ठेवले. माझे दोन्ही तळवे प्रमुख पाहुण्यांच्या छातीच्या रेषेत आले. पाहुण्यांचं भाषण आदर्श विद्यार्थी या विषयावर होतं, ते मध्येच अडखळून गंगा नदीवर गेलं. सर मंचाच्या मागून वाकून वाकून आले. वाकणंसुद्धा ते उभ्यानंच करायचे.

"मावशी, खुर्ची उचला. ताबडतोब."

"नाय."

"विश्वस्त बघतायत! पाय त्यांच्या तोंडासमोर आहेत!"

"मंग त्यांना सांगा, पेपर धरा."

मला हसू आलं ते मी खोकल्यात घातलं. सरांचा चेहरा लाल झाला. ते दात आवळून म्हणाले, "उद्यापासून तुम्ही कामावर यायचं नाही. लेखी पत्र देतो."

"द्या," मावशी म्हणाल्या. "आज तं मी कामावर हाय." आणि कुणी खुर्ची काढून नेऊ नये म्हणून त्या माझ्या खुर्चीच्या पाठीला हात टेकून पहाऱ्याला उभ्या राहिल्या. भाषण संपलं. बक्षिसं सुरू झाली. पहिली, दुसरी, तिसरी. इयत्ता सहावीला टाळ्या वाजवताना माझी नजर सहज खाली गेली.

मावशींच्या उजव्या पायाखालची माती काळी झाली होती. आधी मला वाटलं पाणी सांडलंय. मग त्यांच्या लुगड्याचा काठ दिसला. घोट्याच्या वरची एक शीर फुटली होती आणि रक्त धारेनं येत होतं, आणि मावशींना पत्ता नव्हता. दुखत नव्हतं. त्या सहावीच्या पोरांचे पाय बघत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांच्या पायांवर कितीतरी विनोद केले असतील, स्टाफरूममध्ये पोट धरून हसवलं असेल सगळ्यांना, पण त्या पायांवर ही बाई सकाळी सातपासून शाळा सुटेपर्यंत उभी असते हे मी एकदाही मोजलं नव्हतं. शिपायांची खुर्ची काढून घ्यायचा प्रश्नच आला नव्हता. त्यांना दिलेलीच नव्हती.

"मावशी, रक्त!"

त्यांनी खाली पाहिलं. "फुटली व्हय," त्या म्हणाल्या, जणू कप फुटला. "मागं एकदा फुटलेली. वाकू नका, तुमी वाकू नका. मना आडवी करा. पाय वर धरा आन दाबा. कोनाला तरी बोलवा दाबायला."

सगळ्यात जवळ होते ते सर. मी आजवर मुख्याध्यापकांशी ज्या आवाजात बोलले नव्हते त्या आवाजात म्हणाले, "सर, खाली बसा!"

आणि सर बसले. पांढऱ्या सफारीत, मातीत, मांडी घालून. मावशी आडव्या झाल्या, त्यांचा पाय मी बसले होते त्या खुर्चीवर चढवला, मी माझी ओढणी घडी करून शिरेवर ठेवली, आणि सरांनी दोन्ही हातांनी ती दाबून धरली. मी उभी होते. मावशी खालून माझ्याकडे बघत होत्या, या वेळी थेट तोंडाकडे. "बाई," त्या म्हणाल्या, "बाकड्यावर बसा." मी बाकड्यावर बसले. मंचावर प्रमुख पाहुणे बक्षीस हातात घेऊन थांबले होते. रक्त थांबलं तरी काळी गाडी फाटकातून आत येईपर्यंत सरांनी हात काढला नाही. त्यांचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असतील असं मला वाटलं. जवळ गेले तेव्हा ऐकू आलं. "बावीस वर्षं," सर पुटपुटत होते.

नोकरीवरून काढल्याचं पत्र कधीच निघालं नाही. सोमवारी कोठार उघडलं आणि सगळ्या वर्गांत खुर्च्या आल्या. घंटेपाशीही एक आली, हाताची, गादीची. पण मावशी पुन्हा आल्या नाहीत. दवाखान्यात डॉक्टर बरंच रागावले, जखम भरायला महिने गेले, आणि मुलानं या वेळी त्यांचं ऐकलं नाही. त्या लेकीकडे उरणजवळच्या करंज्याला राहायला गेल्या. लेक बंदराजवळच राहायची आणि तिला चौथा महिना होता. मुलानं आईला बसवायला धाडलं, आई लेकीला बसवायला गेली.

मला मुलगी झाली. बारशाला मावशी काठी टेकत आल्या, वहिवाटीप्रमाणे आधी माझे मोजे काढायला लावले आणि दोन्ही पाय खिडकीच्या उजेडात उलटेपालटे करून पाहिले. माझी आई शेजारी बसली होती. मुलीची रास काढताना भटजींनी लावला नसेल एवढा वेळ मावशींनी लावला.

"येक," त्या शेवटी म्हणाल्या. "डाव्या गुडघ्यामागं. ती घरान्याची. बसंल, नायतर ऱ्हाईल. बाकी कोरे हायत."

आईनं स्वतःचा वण पडलेला डावा पाय हळूच पलंगाखाली घेतला. मग तिनं मावशींचा हात हातात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मावशी निघाल्या तेव्हा मी दारापर्यंत जायला उठले. घरी आलेल्या माणसाला दारापर्यंत पोचवायचं असतं, आणि हे तर माझं सगळ्यात मोठं माणूस. मावशींनी काठी आडवी धरली. "दारापतूर यायचं नाय. बाळंतीन हायस. बस." इतक्या वर्षांत त्या मला पहिल्यांदा अगं-तुगं बोलल्या. मी बसले. जिन्यावरून काठी खाली उतरत गेल्याचा आवाज मी बसूनच ऐकला.

दोन वर्षांनी करंज्याहून त्यांच्या लेकीचा फोन आला. मी पोचले तेव्हा अंगणात खूप माणसं होती. मासळी विकणाऱ्या बायका टोपल्या बाजूला ठेवून आल्या होत्या. आमचे सर आले होते, विज्ञानाच्या बाई आल्या होत्या, आणि मी ओळखत नव्हते अशा कितीतरी तरण्या बायका, कुणी कडेवर मूल घेऊन, कुणी पोट सांभाळत. मुलगा कळंबोलीहून यायचा होता, म्हणून मावशींना न्यायला सगळे थांबले होते. मी तुळशीपाशी उभी राहिले. पावणेदोन तास. कुणी मला बस म्हणालं नाही.